पाणी अडवा, पण जिरवू नका : फ्लो कंट्रीतले पाच दिवस

पहिला दिवस : इन्व्हर्नेस ते फोर्सिनार्ड

इन्व्हर्नेसहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीला दोनच डबे होते. स्कॉटलंडच्या अगदी वरच्या टोकापर्यंत जाणारा हा लोहमार्ग १८७४ साली विक आणि थर्सोपर्यंत पोहोचला. बराच वेळ तो समुद्राच्या कडेकडेने जातो आणि हेल्म्सडेलला समुद्राकडे पाठ फिरवून आत वळतो. किल्डोननच्या खोऱ्यात शेजारून नदी वाहत होती, तोवर अधूनमधून मेंढ्या आणि एखादं दगडी घर दिसे. पुढे शेतं संपली, घरं संपली, मग मोबाईलची रेंजही गेली. तांबूस-करड्या माळाशिवाय खिडकीत काही उरलं नाही.

त्या माळावर मधूनच गडद हिरव्या झाडांचे मोठाले चौकोन दिसायला लागले. पट्टीने आखावेत तसे सरळ कडांचे. इतक्या उजाड प्रदेशात झाडं बघून मला बरं वाटलं.

"ताई, इथे झाडं छान वाढलीत की," मी म्हणालो.

"तीच तर इथली अडचण आहे," ती म्हणाली. "झाडं जगावीत म्हणून आधी जमीन कोरडी केली त्यांनी."

ताईचं आयुष्य मातीचे नमुने तपासण्यात गेलं. ही सहल तिच्या हट्टामुळे ठरली. निवृत्तीनंतर एकदा तरी पीटची जमीन पायाखाली घ्यायची, हे तिचं जुनं स्वप्न होतं. मी निघालो तो तिला सोबत म्हणून. पीट म्हणजे सुकवून जाळायचं काहीतरी, एवढीच माझी माहिती होती.

तिने गाडीतच शिकवणी सुरू केली. एरवी झाडपाला मेला की कुजतो, आणि त्यातला कार्बन पुन्हा हवेत जातो. पण जमीन बारा महिने पाण्याने तुडुंब असेल, तर आत प्राणवायू पोहोचत नाही. त्यात पाणी आंबट आणि हवा थंड. मग कुजणं अर्धवट राहतं आणि थरावर थर साचत जातो. तेच पीट. त्याची वाढ वर्षाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षं. हिमयुग ओसरल्यापासून इथे हे चाललंय आणि काही ठिकाणी थर दहा मीटरपर्यंत गेला आहे. केथनेस आणि सदरलँड या दोन परगण्यांत मिळून सुमारे ४,००० चौरस किलोमीटर जमीन अशी झाकली गेली आहे, तीच फ्लो कंट्री. इंग्रजीत अशा जमिनीला ब्लँकेट बॉग म्हणतात. मला गोधडी आठवली. टेकडी, उतार, सपाटी, सगळ्यावर एकच ओली गोधडी अंथरलेली.

फोर्सिनार्डला आमच्याशिवाय आणखी एकच माणूस उतरला. गाडी निघून गेल्यावर जी शांतता झाली, तिची सवय व्हायला संध्याकाळ लागली. सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता, अंगावर स्वेटर चढला होता. स्टेशनपासून थोड्या अंतरावर एका घरात खोली घेतली होती. जवळपास दुकान नाही, म्हणून शिधा बरोबर आणला होता.

दुसरा दिवस : काळी तळी

स्टेशनच्या इमारतीतच पक्षिसंरक्षणासाठी काम करणाऱ्या आरएसपीबी या संस्थेचं माहिती केंद्र आहे. संस्थेने १९९५ साली इथली जमीन विकत घेतली, आणि आज हे राखीव क्षेत्र २१,००० हेक्टरांहून मोठं आहे. समोरून डू लॉखनची पाऊलवाट निघते, जेमतेम दीड किलोमीटरची. गेलिक भाषेत 'डू' म्हणजे काळं आणि 'लॉखन' म्हणजे लहानसं तळं. प्रदेशाच्या नावातला 'फ्लो' मात्र वाहण्याशी संबंध नसलेला आहे. तो उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि त्याचा अर्थच मुळी ओली, दलदलीची जमीन.

दीड किलोमीटरला आम्हाला तीन तास लागले, कारण ताई दर दहा पावलांवर गुडघ्यावर बसत होती.

तिने वाटेच्या कडेचं चिमूटभर शेवाळ उचललं. स्फॅग्नम. कुठे पोपटी, कुठे गहिरं लाल, वरून बघितलं तर बारीक ताऱ्यांची चादर. तिने ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "मूठ आवळ." बोटांच्या फटींतून पाण्याच्या धारा लागल्या, चांगल्या मनगटापर्यंत ओघळल्या. मूठ उघडली तर तळहातावर फिकट, हलकी लगदी उरली होती. पुन्हा पाण्यात टेकवली आणि ती तिथल्या तिथे फुगून पूर्ववत झाली. कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी हे शेवाळ धरू शकतं. त्याच्या पानांत जिवंत पेशींच्या मध्येमध्ये मोठ्या, मेलेल्या, पोकळ पेशी असतात, त्यांना भोकं असतात. पाणी साठवायची मडकीच ती. शिवाय हे शेवाळ पाण्यातली क्षारद्रव्यं ओढून घेतं आणि बदल्यात आम्ल सोडतं. त्या आंबटपणात जंतूंचं फारसं चालत नाही, म्हणून पहिल्या महायुद्धात ते सुकवून जखमांवर बांधत असत. म्हणजे स्वतःला हवी तशी ओली, आंबट जमीन हे शेवाळ स्वतःच घडवतं आणि मग मेल्यावर तिचाच थर होतं. फ्लो कंट्रीचा कर्ता पुरुष कोण असं विचारलं तर मी या बोटभर शेवाळाचं नाव घेईन.

पुढे दवबिंदू भेटला. आपण याच नावाने ओळखतो ती कीटकभक्षी वनस्पती, इथली जात वेगळी. बोटाच्या पेराएवढी लालसर पानं, त्यांवर केसर, प्रत्येक केसराच्या टोकाला चिकट थेंब. एका पानाने चिलटाला धरलं होतं. त्याचा एक पंख अजून हलत होता आणि कडेचे केसर त्याच्याकडे वाकलेले दिसत होते. पीटमध्ये नत्र फार कमी, आणि जे मुळातून मिळत नाही ते ही वनस्पती असं मिळवते.

वाटेच्या टोकाला लाकडी मनोरा आहे. वर गेलो आणि बोलणं थांबलं. खाली शेकडो तळी, एकमेकांत गुंतलेली, काही खोलीएवढी, काही मैदानाएवढी. पाणी कोऱ्या चहासारखं, खोल जागी काळंभोर, आणि प्रत्येकात आकाशाचा एक तुकडा. उन्हाळ्यात यांच्या काठांवर चतुर आणि टाचण्या भिरभिरतात. लाल गळ्याचे आणि काळ्या गळ्याचे डायव्हर पक्षी पाण्यालगत घरटी करतात. कॉमन स्कोटर हे काळं बदक ब्रिटनमध्ये फार थोड्या ठिकाणी पिल्लं काढतं, त्यांतलं हे एक. आम्ही आलो तेव्हा बरेचसे पक्षी किनाऱ्याकडे किंवा दक्षिणेला निघून गेले होते. एक भोवत्या तेवढा, हेन हॅरियर, माळाला घासून गेल्यासारखा खालून गेला आणि उतारामागे दिसेनासा झाला.

मनोऱ्यावर एक गोष्ट कळली आणि दोघांनाही आनंद झाला. २०२४ च्या जुलैमध्ये फ्लो कंट्रीचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पीटची जमीन म्हणून हा मान मिळवणारं हे जगातलं पहिलं ठिकाण. आणि तो निर्णय झाला ती बैठक भरली होती नवी दिल्लीत.

तिसरा दिवस : चर आणि बंधारे

ज्यासाठी आलो तो दिवस. संस्थेच्या कामावरच्या एक बाई आम्हाला पुनरुज्जीवन चाललेल्या भागात घेऊन जाणार होत्या. मधल्या वाटेवर त्यांनी सगळा इतिहास सांगितला, काहीही न लपवता.

दुसऱ्या महायुद्धानंतर या माळावर मैलोन्मैल चर खणले गेले. सरकारी अनुदान होतं, खास त्यासाठी बनवलेले नांगर होते. जमीन कोरडी झाली की मेंढ्यांना आणि शिकारीसाठी राखलेल्या पक्ष्यांना चारा वाढेल, असा हिशोब. चारा काही फारसा वाढला नाही. मग १९७० आणि ८० च्या दशकांत झाडं आली. त्या वेळच्या करनियमांनुसार, वृक्षलागवडीवरचा खर्च श्रीमंत करदात्यांना उत्पन्नातून वजा करता येई. त्यामुळे लांब शहरांत बसलेल्या, ही जमीन कधी न पाहिलेल्या लोकांच्या पैशातून इथे उत्तर अमेरिकेतली सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन लावली गेली. नांगराने खोल सऱ्या पाडायच्या आणि वरंब्यावर रोप लावायचं. १९८७ साली सरकारच्याच निसर्गसंवर्धन परिषदेने याविरुद्ध अहवाल दिला, मोठा वाद झाला, आणि १९८८ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी ती सवलत काढून टाकली. तोवर हजारो हेक्टर पीटवर झाडं उभी राहिली होती.

झाडं पीटचं काय करतात, ते आम्ही एका जुन्या लागवडीत शिरून पाहिलं. आत अंधार, पायाखाली नुसत्या सुकलेल्या सुया. शेवाळाचा मागमूस नाही. सऱ्यांतून पाणी वाहून जातंच, त्यात झाडांची मुळं आतून पाणी ओढतात आणि फांद्या पाऊस वरच्या वर झेलतात. पीट सुकतं, आक्रसतं, खचतं, त्याला भेगा पडतात. त्या बाईंनी एका सरीच्या तळाशी हात घालून दाखवला. कोपरापर्यंत हात भेगेत गेला. एकदा हवा आत शिरली की हजारो वर्षं थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला लागतो. झाड वाढताना जितका कार्बन घेतं, त्याहून जास्त खालची खोल जमीन गमावू शकते. मला गाडीतला माझा आनंद आठवला.

पक्ष्यांचं नुकसान तर लागवडीच्या हद्दीबाहेरही झालं. सोनचिखल्याच्या कुळातला गोल्डन प्लोव्हर आणि डनलिन हे माळावर उघड्यावर घरटी करणारे पक्षी. झाडीच्या कडेपासून ७०० मीटरपर्यंतची जागा ते टाळतात, असं इथल्या अभ्यासात दिसलं आहे. कोल्हे आणि कावळे झाडीचा आडोसा घेऊन येतात, हे एक कारण. म्हणजे नकाशावर झाडांचा चौकोन जेवढा दिसतो, त्याच्या कितीतरी पट माळ त्या पक्ष्यांच्या हातून जातो.

मग आम्ही उघड्यावर आलो. इथली झाडं बऱ्याच वर्षांपूर्वी पाडली होती. ती बारीक असताना पाडली, म्हणून ओंडके तिथेच सऱ्यांत टाकून दिले. पण वरंबे आणि सऱ्या तशाच राहिल्या आणि त्यांतून पाणी वाहतच राहिलं. त्यामुळे आता नुसती झाडं पाडून थांबत नाहीत. बुंधे उपटून, उलटे करून सरीत दाबतात, वरंबे चेपून जमीन सपाट करतात आणि चरांवर बंधारे घालतात.

पलीकडच्या उतारावर ते काम चालू होतं. रुंद पट्ट्यांचं एक एक्स्कॅव्हेटर, चिखलात रुतू नये म्हणून मुद्दाम तसं बनवलेलं. हे काम पक्ष्यांच्या विणीच्या काळात बंद असतं, म्हणून यंत्र आणि घरट्यावरचा प्लोव्हर एकाच फेरीत बघायला मिळत नाहीत. आम्हाला यंत्र मिळालं. आम्ही लांबून अर्धा तास उभं राहून पाहिलं. आधी वरची हिरवी साय अलगद खरवडून बाजूला ठेवली. मग जवळच्या खड्ड्यातून खालचं ओलं, काळं, लोण्यासारखं पीट उचललं आणि चरात टाकून बकेटच्या पाठीने थापलं. पुन्हा थर, पुन्हा थापणं. बंधारा जमिनीपेक्षा थोडा वर आला, कारण पुढे तो खाली बसणारच. शेवटी ती बाजूला ठेवलेली साय वर लावून दिली. सुकलेलं, भेगाळलेलं पीट इथे चालत नाही, त्यातून पाणी झिरपतं. थोडं पुढे सरकून पुढचा बंधारा. अंतर उतारावर ठरतं. उतार जास्त तर बंधारे जवळजवळ, म्हणजे एकामागे तुंबलेलं पाणी वरच्या बंधाऱ्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचतं.

हे बघताना ताई एकदम म्हणाली, "अरे, हे तर पाणी अडवा आहे!"

"आणि जिरवा?"

"जिरवायचं नाही. इथे पाणी वर दिसलं पाहिजे."

आपल्या डोंगरउतारावर चर खणतात ते पाणी थांबवायला. इथे चर खणले ते पाणी घालवायला, आणि आता तेच चर बुजवायला यंत्रं आली आहेत. एका दिवसात नांगराने पाडलेली अर्धा मीटर खोल सरी म्हणजे पाचशे वर्षांच्या साठ्यात घातलेला हात, हा हिशोब मी मनात केला आणि मग त्या उताराकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

त्या बाईंकडे एकमेकींत अडकवायच्या बारीक सळया होत्या. एक सळई त्यांनी माझ्या हातात दिली आणि जमिनीत दाबायला सांगितली. हाताच्या नुसत्या दाबाने मीटरभर सळई आत गेली. दुसरी जोडली, तीही गेली. तिसरी. चौथी. पाचवी अर्धी गेल्यावर टोकाशी खर्र झालं. हिमनदीने मागे ठेवलेली वाळू. साडेचार मीटर. त्या वाळूवर साचायला लागलेला तो पहिला पाला आत्ता माझ्या सळईच्या टोकाला होता. ओल्या पीटमध्ये वजनाने सुमारे ९० टक्के पाणीच असतं. दुधातही याहून कमी पाणी असतं, आणि आम्ही त्यावर उभे होतो.

चराच्या एका कापलेल्या कडेला झाडाचा जुना बुंधा दिसला, चॉकलेटी, मुळांसकट. पाइनचा. साधारण चार हजार वर्षांपूर्वी काही काळ हवा कोरडी झाली, तेव्हा पाइन या माळावर पसरले होते. नंतर पुन्हा ओल वाढली आणि पीटने त्यांना पोटात घेतलं. सालीचा पोत अजून बोटाला जाणवत होता. याच थरांत कुठेकुठे आइसलँडच्या हेक्ला ज्वालामुखीची राखही सापडते, डोळ्यांना न दिसणारी, पण सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखी चमकणारी.

परतताना त्यांनी पाण्याची पातळी मोजली. जमिनीत भोकं पाडलेले प्लॅस्टिकचे पाइप पुरलेले असतात, त्यांत टेप सोडायची आणि पाणी किती खाली आहे ते बघायचं. अजून न बुजवलेल्या चराजवळ पाणी ३८ सेंटिमीटर खाली होतं. जिथे बंधारे घालून काही वर्षं झाली होती तिथे ११. या दुसऱ्या जागी चराचं नुसतं डबकं उरलं होतं, त्यात पोपटी स्फॅग्नम तरंगत होतं आणि काठाला कापूसगवताचे झुबके. आकडे वहीत लिहायचं काम त्यांनी ताईला दिलं. ताईने ते इतक्या नीट अक्षरात लिहिले की जणू परीक्षकाला दाखवायचे आहेत.

चौथा दिवस : पाऊस

दिवसभर पाऊस. बाहेर पडण्यात अर्थ नव्हता. घरमालकीणबाईंनी पीटची शेकोटी पेटवली नव्हती, ते दिवस त्यांच्या लहानपणाबरोबर गेले. त्या लहान असताना घरचे सगळे वसंतात पीट कापायला जात. लांब पात्याच्या फावड्याने विटा कापायच्या, उन्हावाऱ्यात उभ्या करून सुकवायच्या आणि ढीग रचायचे. वर्षभराचं जळण. ते हातचं काम होतं, त्याने माळ मेला नाही, असं त्या म्हणाल्या. लागवडीच्या काळाबद्दल मात्र त्या जरा वेळ गप्प राहिल्या. त्यांच्या घरातल्या एकाने नांगर चालवला होता. "तेव्हा इथे काम हवं होतं," त्या म्हणाल्या, "आणि काम घेऊन आलेल्यांनी आम्हाला पीटबद्दल काही सांगितलं नाही." आता त्याच कुटुंबातला तरुण मुलगा चर बुजवणारं यंत्र चालवतो. ही गोष्ट त्यांनी अभिमानाने सांगितली आणि मला ती फार महत्त्वाची वाटली. माळ वाचवायचा तर माळावर राहणाऱ्यांच्या हाताला काम हवंच. स्कॉटलंडच्या सरकारने २०२० साली दहा वर्षांसाठी २५ कोटी पौंड जाहीर केले, २०३० पर्यंत अडीच लाख हेक्टर पीट सुधारायचं असं ठरवलं. कामाचा वेग त्यामानाने बराच कमी पडतो आहे. कसबी यंत्रचालक पुरेसे नाहीत, हे त्यामागचं एक कारण.

दुपारी चहा घेताना मी ताईला माझ्या मनातली शंका विचारली. पाणी तुंबलं की मिथेन सुटतो, आणि मिथेन तर जास्त तापवणारा वायू. मग हा सगळा खटाटोप उलटा नाही का पडणार?

"सुटतो," ती म्हणाली. "विशेषतः सुरुवातीची काही वर्षं. पण मिथेन हवेत दहा-बारा वर्षांत विरतो. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं साचत राहतो. चर उघडे ठेवलेस तर तो दरवर्षी साचतच जाणार. म्हणून उशीर करण्यात तोटा आहे."

तिने मग वही उघडली आणि मला आकडे दाखवले. जगाच्या जमिनीपैकी पीट अवघं ३ टक्के, पण त्यातला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यातल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट. आणि निचरा केलेल्या, बिघडलेल्या पीटमधून माणसाच्या एकूण उत्सर्जनाच्या सुमारे ५ टक्के उत्सर्जन होतं. एकट्या फ्लो कंट्रीत सुमारे ४० कोटी टन कार्बन आहे. २०२१ च्या एका अभ्यासानुसार, पीटमध्ये खोल गेलेलं पाणी दर १० सेंटिमीटर वर आणलं, की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन टळतं. मला कालचे ३८ आणि ११ आठवले. त्या दोन आकड्यांमध्ये काय आहे, ते आत्ता समजलं.

थर्सोच्या एन्व्हायर्नमेंटल रिसर्च इन्स्टिट्यूटचे संशोधक इथे मनोरे उभे करून हवा मोजतात. सेकंदाला अनेकदा वारा वर चाललाय की खाली, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड किती, हे टिपायचं. वर्षभराची बेरीज केली की जमीन कार्बन घेते आहे की सोडते आहे ते कळतं. फोर्सिनार्डच्या परिसरात असं दिसलं, की झाडं पाडून सुमारे दहा वर्षं झालेली जागा अजून कार्बन सोडत होती, पण सोळा वर्षं झालेली जागा घ्यायला लागली होती. न बिघडलेली दलदल दोन्हींपेक्षा जास्त घेत होती. सोळा वर्षं! ताई म्हणाली, मातीच्या हिशोबात हे फार लवकर झालं.

याच्या उलट गोष्टही तिने सांगितली. पूर्व इंग्लंडमधल्या होम फेन इथे १८५१ च्या सुमारास तळं आटवून पीटचा निचरा केला. तेव्हा एक लोखंडी खांब खालच्या घट्ट मातीपर्यंत पुरला होता, टोक जमिनीच्या पातळीला. आज तोच खांब जमिनीवर सुमारे चार मीटर उभा आहे. खांब हलला नाही. जमीन खाली गेली, काही आक्रसून आणि बरीचशी हवेत.

आणि आग. मे २०१९ मध्ये इथून उत्तरेला मोठा वणवा लागला होता, कित्येक दिवस जळत होता. ओल्या जागी आग वरवरची हेदरची झुडपं आणि गवत खाऊन पुढे गेली. कोरड्या पीटमध्ये ती आत उतरते.

पावसाचा आवाज ऐकत झोपलो. छपरावरून पन्हळीत, पन्हळीतून बाहेर. एरवी पाऊस म्हटला की सहलीचा दिवस वाया गेल्यासारखं वाटतं. त्या रात्री मात्र तो पडत राहावा असं वाटत होतं.

पाचवा दिवस : निघण्यापूर्वी

सकाळी उघडलं. गाडी दुपारची होती. तिसऱ्या दिवशीच्या बाई पाइपांची पातळी पुन्हा घ्यायला निघाल्या होत्या, पावसानंतरची नोंद त्यांना हवीच होती. ताईने विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, चला.

माळ चमकत होता. कापूसगवताच्या पात्यांवर थेंब, दवबिंदूच्या पानांवर त्याचे स्वतःचे थेंब, लांब कुठेतरी हरणाची हाळी, कारण लाल हरणांचा माजाचा हंगाम सुरू होत होता. चालता चालता माझ्या पायाखालची जमीन किंचित दबत होती आणि दोन पावलं पलीकडचं शेवाळ हलत होतं.

वाटेत त्यांनी एका डबक्यातली लांब पायांच्या माशीची अळी दाखवली, क्रेनफ्लायची, चिखलाच्या रंगाची, अर्ध्या बोटाएवढी. या माश्यांची अंडी आणि बारीक अळ्या कोरड्या पीटमध्ये मरतात. चर बुजवलेल्या जागी त्या पुन्हा वाढतात. मे-जूनमध्ये त्या एकदम बाहेर पडतात, नेमक्या त्याच वेळी प्लोव्हरची पिल्लं अंड्यातून निघालेली असतात आणि त्यांना चोचीजोगं खाणं हवं असतं. ताईने ती अळी बोटावर घेतली, नीट पाहिली आणि पुन्हा पाण्यात सोडली.

"पुढच्या वेळी जूनमध्ये येऊ," ती म्हणाली. गुडघे दुखत असूनही तिच्या आवाजात शंका नव्हती.

उघड्या चराजवळ पाणी खळाळत वाहत होतं, गढूळ तपकिरी, थेट खालच्या ओढ्याकडे. पाइपात टेप सोडली. ३१. इतका पाऊस पडूनही सातच सेंटिमीटरची भर. काठाच्या कापलेल्या पीटमधून बारीक कण सुटून पाण्याबरोबर चालले होते. हे पाणी पुढे हॅलाडेल नदीला मिळतं, जिथे सामन मासे अंडी घालायला येतात.

बंधाऱ्यांच्या पट्ट्यात आवाज नव्हता. एकाखाली एक डबकी काठोकाठ भरलेली, त्यांवर वाऱ्याची बारीक सुरकुती. एका बंधाऱ्यावरून पाण्याचा पातळसा पापुद्रा गवतातून बाजूला पसरत होता, चराबाहेर, माळावर.

बाईंनी टेप ताईच्या हातात दिली. तिने ती पाइपात सोडली, कान जवळ नेऊन टोक पाण्याला लागल्याचा आवाज ऐकला, अंगठ्याने खूण धरून टेप वर ओढली आणि चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला.

"दोन," ती म्हणाली. "लिही."